पाइनच्या जंगलातली माती, हवेतला धूर आणि जमिनीतले प्राणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आम्ही काही जण पाऊस सरला की रविवारी मुलांना घेऊन माती बघायला जातो. कधी यवतेश्वरच्या चढावर, कधी पाचगणीकडे सिल्व्हर ओकच्या सावलीत. किल्ला नाही, धबधबा नाही, नुसता पालापाचोळा उकरायचा, म्हटल्यावर घरच्यांना आधी पटवावंच लागतं. हवेच्या प्रदूषणाचा मातीतल्या प्राण्यांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न अशाच एका सकाळी निघाला आणि मग निघतच राहिला. त्यावरचं बरंचसं काम युरोपातल्या पाइनच्या जंगलांत झालंय, त्यामुळे उत्तरात नॉर्वे-फिनलंड आले की पुढचा प्रश्न ठरलेला. तोच आधी घेऊ.

आपल्याकडे पाइनचं जंगल आहे कुठं? मग नॉर्वेच्या गोष्टी ऐकून आम्ही काय करायचं?

सातारा-सांगलीत पाइनचं नैसर्गिक जंगल नाही, हे खरंच. सुईसारखं पान दिसलं की आपण कुठल्याही झाडाला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मोकळे होतो आणि कोकणात उतरलं की किनाऱ्यावरचं सुरूही त्यातच जमा करतो. सुरू हा पाइन नव्हे. भारतातली पाइनची मोठी जंगलं हिमालयात, चीडची. ईशान्येकडे खासी पाइन.

तरीही पाइनचंच उदाहरण घ्यायला कारण आहे. त्या जंगलात वर्षानुवर्षं सुया पडतात, हळू कुजतात आणि जमिनीवर त्यांचा जाड थर बसतो. वर ताज्या सुया, खाली अर्धवट कुजलेल्या, त्याखाली काळा भुगा आणि मग खरी माती. थर एकमेकांत फारसे मिसळत नाहीत, कारण मिसळणारी मोठी गांडुळं तिथं जवळजवळ नसतातच. शिवाय ही माती मुळातच आम्लधर्मी आणि चुन्याला गरीब. काळ्या रानात आम्ल पडलं तर मातीतला चुना ते पचवून टाकतो. पाइनखाली पचवायला काही नसतं, म्हणून परिणाम लवकर दिसतो. महाबळेश्वर-कासचा जांभाही चुन्याला असाच गरीब आहे. आमचं कुतूहल तिथून सुरू झालं.

मातीतले प्राणी म्हणजे गांडुळंच ना?

पाइनच्या जंगलात गांडूळ हा दुय्यम गडी. पालापाचोळ्यात राहणारं डेंड्रोबिना ऑक्टिड्रा नावाचं एक छोटं, गडद लालसर गांडूळ उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी सापडतं, ते थंडी आणि आम्ल दोन्ही सोसतं. पण तिथला राबता वेगळ्यांचा आहे.

पहिले, गांडुळाचे धाकटे भाऊबंद: पांढरे, दोऱ्यासारखे, साधारण १ सेंटिमीटरचे कृमी. यातला कॉग्नेटिया स्फॅग्नेटोरम हा उत्तर युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांचा खरा मालक म्हणावा लागेल. त्याला जोडीदार लागत नाही. अंगाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा नवा कृमी होतो.

दुसरे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेली शेपटी सोडून टुणकन उडी मारणारे, एक-दोन मिलिमीटरचे जीव. बुरशी हे त्यांचं जेवण. जमिनीत खोलवर राहणाऱ्यांना उडी नाही आणि डोळेही नाहीत, लागतात कशाला?

तिसरे, टणक कवचाचे ओरिबॅटिड माइट. दिसायला पळत्या मोहरीच्या दाण्यासारखे. उसावर-भाजीवर येतो तो लाल कोळी यांचा नातलग, पण हे रोपाच्या वाटेला जात नाहीत, कुजलेलं खातात. चौथे सूत्रकृमी (नेमाटोड), डोळ्यांना सहसा न दिसणारे बारीक कृमी, जे पिकांच्या मुळांना त्रास देतात म्हणून आपल्या डाळिंबवाल्यांना चांगलेच माहीत आहेत. जंगलातले बहुतेक मात्र जीवाणू आणि बुरशीवर जगतात.

एक चौरस मीटर जागेत सूत्रकृमी लाखांत, माइट लाखाच्या घरात, स्प्रिंगटेल आणि पांढरे कृमी हजारोंनी. चटईएवढ्या जागेत तालुक्यापेक्षा जास्त वस्ती.

धूर वर, हे खाली. पोचतो कसा?

तीन वाटांनी. पाऊस आणि धुकं गंधक-नायट्रोजनची आम्लं सोबत घेऊन उतरतं. पाऊस नसतानाही वायू आणि कण झाडावर बसतात. पाइन सदाहरित, सुया बारीक आणि दाट, म्हणून ते झाड हवा गाळणीसारखं गाळतं. मग पुढचा पाऊस ती गाळणी धुतो आणि सगळं बुंध्याशी आणतो. त्यामुळे उघड्या रानापेक्षा पाइनखाली जास्त प्रदूषण उतरतं. तिसरी वाट गळलेल्या सुयांची: त्यांच्यावर बसलेली धातूंची धूळ थेट कुजणाऱ्या थरात जाते, आणि प्राणी राहतात तिथंच.

स्वच्छ पावसाचा पीएच साधारण ५.६ असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. १९७० च्या दशकात उत्तर युरोपातल्या पावसाचा पीएच बऱ्याच ठिकाणी ४ ते ४.५ पर्यंत उतरला होता. पीएचचा एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट, हे ध्यानात ठेवलं तर त्या आकड्याचं वजन कळतं. हा धूर शेजारच्या गावचा नव्हता. ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या कोळशाचा गंधक वाऱ्यावर बसून स्कँडिनेव्हियात उतरत होता. ‘आम्ल पाऊस’ हा शब्द रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ मध्ये वापरला. धूर देशांच्या सीमा ओलांडतो हे मान्य करून जिनिव्हात करार व्हायला १९७९ उजाडलं.

म्हणजे आम्ल पडलं की हे सगळे मरतात?

नाही, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच.

नॉर्वेने १९७२ ते १९८० या काळात आम्ल पावसाचा जंगलांवर आणि माशांवर काय परिणाम होतो यावर मोठा प्रकल्प चालवला. त्यात जंगलाच्या छोट्या तुकड्यांवर सल्फ्युरिक आम्ल घातलेलं पाणी फवारलं, काही तुकड्यांत चुना टाकला आणि मग मातीतले प्राणी मोजले. फार तीव्र आम्लात पांढरे कृमी घटले, काही स्प्रिंगटेल घटले. पण काही माइट आणि काही स्प्रिंगटेल चक्क वाढले! चुना टाकला तिथं नेमके तेच कमी झाले.

यावर कोणीही म्हणेल, ‘त्यांना आम्ल आवडतं.’ संशोधकांनाही तसंच वाटलं असतं, पण त्यांनी पुढची पायरी घेतली: अशा जाती एकेकट्या पाळून बघितल्या. एकट्या असताना त्या कमी आम्लाच्या मातीतही छान वाढल्या. म्हणजे आम्लाची आवड असं काही नव्हतं. आम्लामुळे शेजारी हटला आणि यांना जागा मिळाली. दुष्काळात बाभळ वाढते म्हणून बाभळीला दुष्काळ आवडतो असं आपण म्हणत नाही, त्यातलाच प्रकार.

म्हणूनच ‘प्राणी वाढले की घटले?’ या प्रश्नाला नुसत्या संख्येत उत्तर देऊ नये. एकूण बेरीज तीच राहते आणि आतली माणसं बदललेली असतात. गावाची लोकसंख्या तेवढीच, पण सुतार, लोहार, गवंडी निघून गेले आणि एकाच धंद्याचे लोक उरले, तर गाव चालेल का, हे जनगणनेच्या एका आकड्यावरून कळत नाही.

आणखी एक. आम्ल प्रत्येक वेळी प्राण्याच्या अंगावर घाव घालतं असं नाही. पीएच साधारण ४.५ च्या खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळू लागतं, ते मुळांना आणि कृमींना त्रासदायक. कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. बुरशी बदलते आणि बुरशी खाणाऱ्यांचं ताट बदलतं.

कारखान्याच्या धुरातल्या धातूंचं काय?

इथं गोष्ट जास्त सरळ आणि जास्त वाईट आहे. फिनलंडमध्ये हार्यावाल्टा इथं तांबं-निकेल वितळवण्याचा कारखाना आहे, भोवती पाइनची जंगलं. स्वीडनमध्ये गुसुमला पितळेचा जुना कारखाना होता. रशियाच्या कोला द्वीपकल्पात मोंचेगोर्स्कच्या आसपास तर जंगल जाऊन उघडी जमीन उरली. या ठिकाणी संशोधक चिमणीपासून सरळ रेषेत चालत जातात, ठरावीक अंतरावर माती घेतात आणि मोजतात. चित्र साधारण सारखं: चिमणीजवळ गांडुळं नाहीत, पांढरे कृमी फार कमी, बुरशी दुबळी. लांब जाऊ तसे एकेक जण परतलेले.

तिथली ठळक खूण म्हणजे सुयांचा थर. चिमणीजवळ तो जाड होत जातो. झाडं मरतुकडी, सुया कमी पडतात, तरी थर जाड, कारण कुजवणारंच कोणी नाही. झाडाचं अन्न त्या थरात कुलूपबंद पडतं. एखाद्या मुलाने मला विचारलं की प्रदूषण डोळ्यांनी दिसतं का, तर मी हा थर दाखवेन.

काही प्राणी मात्र तग धरतात, आणि कसा ते बघण्यासारखं आहे. स्प्रिंगटेल कात टाकताना आतड्याचं अस्तरही टाकतो. खाण्यातून आलेला धातू त्या अस्तरात साठवलेला असतो, तो कातीबरोबर बाहेर. ऑर्केसेला सिंक्टा या स्प्रिंगटेलच्या जातीत प्रदूषित जागी राहणाऱ्या पिढ्या धातू सोसण्यात वंशपरंपरेनेच जास्त तरबेज झालेल्या आढळल्या.

आम्ल पाऊस, गोगलगायी आणि पक्ष्यांची अंडी यांचा संबंध लावतात तो खरा आहे का?

खरा आहे. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या वाळूच्या निकस जमिनीवरच्या जंगलांत ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याची अंडी पातळ कवचाची, सच्छिद्र निघू लागली, काही माद्यांनी तर घरट्यात अंडीच घातली नाहीत.  कारण निघालं ते असं: आम्लामुळे मातीतलं कॅल्शियम धुतलं गेलं, शंख बांधायला चुना न मिळाल्याने गोगलगायी घटल्या, आणि मादी टिट अंड्याच्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम मिळवायची ते याच शंखांतून. जंगलात गोगलगायीचे शंख आणि कोंबडीच्या अंड्यांची टरफलं ठेवून बघितली, तेव्हा अंडी सुधारली.

टरफलांचा हा प्रयोग मला फार आवडतो. महागडं यंत्र नाही, काही नाही, आणि शंका राहायला जागा नाही.

नायट्रोजन पडला तर खतच मिळालं की! आम्ही पैसे देऊन युरिया टाकतो.

हा प्रश्न कराडकडच्या एका ऊस बागायतदार काकांचा. प्रश्न रास्त आहे.

सुरुवातीला झाडं वाढतातही. पण पाइनचं जंगल कमी नायट्रोजनवर संसार करायला शिकलेलं आहे. मुळांभोवतीची बुरशी त्याला तो मिळवून देते. नेदरलँड्समध्ये डुकरं-कोंबड्यांच्या मोठ्या गोठ्यांतून निघालेला अमोनिया शेजारच्या पाइनच्या जंगलांवर वर्षानुवर्षं उतरला. आयता नायट्रोजन मिळाल्यावर बुरशी मागे हटली, सुयांच्या जागी गवत माजलं, आणि अमोनियाचं मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटलं ते वेगळंच. काका, एकाच रानात वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट टाकलं की माती आम्ल होते हे तुमच्या कृषी सहायकानेही सांगितलं असेल. जंगलात तेच घडलं, फक्त पोती कोणी मोजली नाहीत. बुरशी खाणारे स्प्रिंगटेल-माइट बदलले, काही जाती गेल्या.

प्रदूषण थांबलं की प्राणी परत येतात?

युरोपात गंधकाचं उत्सर्जन १९८० नंतर फार मोठ्या प्रमाणात कमी झालंय. पाऊस लवकर सुधारला. माती मागे राहिली, कारण धुऊन गेलेलं कॅल्शियम दगड झिजून परत यायला वेळ लागतो. धातूंचं तर विचारूच नका, चिमणी बंद केली तरी शिसं-तांबं वरच्या थरात पिढ्यान्‌पिढ्या बसून राहतं. आणि माती सुधारली तरी येणाऱ्याने यायचं कसं? गांडूळ स्वतःच्या हिमतीवर वर्षाला काही मीटर सरकतं. मोठा पट्टा उजाड झाला असेल तर हिशेब तुम्हीच करा.

स्वीडन-जर्मनीत जंगलात चुना फवारून बघितलाय. गांडुळं येतात, पण आम्लात रुळलेले माइट-स्प्रिंगटेल घटतात. म्हणजे जुनं जंगल परत येत नाही, तिसरंच काहीतरी तयार होतं.

आपल्याकडे आम्ल पाऊस पडतो का?

भारतात बऱ्याच भागांत पावसातलं आम्ल हवेतली चुनखडीयुक्त धूळच मारून टाकते. उन्हाळ्यात सांगली-जतच्या रस्त्यावरून गाडी नेली असेल तर धुळीबद्दल मी वेगळं सांगायला नको. पण ऐन पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धूळ नसते, पाऊस मोजता मोजता दमायला होतं (महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर) आणि खालचा जांभा आधीच धुतलेला. त्यामुळे आपल्या दोन जिल्ह्यांत नाजूक जागा कुठली म्हणाल तर ती कृष्णाकाठ नव्हे, घाटमाथा. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, तिथं हवेतले कण आणि ढग यांचं मोजमाप चालतं.

साखर कारखान्यांबद्दल हमखास विचारतात. कारखान्यात जळतं ते बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड; त्यात गंधक फार थोडा. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते ती काजळी-राख. राख अल्कधर्मी असते, तिने आम्ल पाऊस होत नाही. धुराचा माणसांच्या फुफ्फुसाला त्रास होतो तो विषय निराळा. महामार्गालगतच्या मातीत जुन्या पेट्रोलचं शिसं असू शकतं; भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण शिसं कुठं जात नाही.

मग आमच्या भागात मातीतल्या प्राण्यांना सगळ्यात मोठा धोका कशाचा?

माझ्या मते आगीचा. उसाचं पाचट पेटवलं की धूर हवेत जातो तो बातमीत येतो; जमिनीच्या वरच्या बोटभर थरात काय झालं ते येत नाही. स्प्रिंगटेल आणि माइट तिथंच राहतात आणि पाचट हेच त्यांचं घर आणि जेवण. डोंगरावर वणवा लावतात तिथंही तेच. ज्यांनी खोडव्यात पाचट कुजवायला ठेवलंय त्यांच्या सरीत हात घालून बघा, फरक कळायला भिंग लागत नाही.

पाचगणीत सिल्व्हर ओकखाली उकरलं, एकही गांडूळ नाही. प्रदूषणच ना?

असं लगेच म्हणू नका. चिवट पानं, कोरडी सावली, पायांनी तुडवलेली माती, उन्हाळा, कशानेही गांडूळ खाली जातं. पाइनखाली तर हवा शुद्ध असली तरी ती कमीच. प्रदूषणाचा आरोप ठेवायचा तर तसंच झाड, तशीच माती, पण धुरापासून लांब अशी जागा शेजारी ठेवून मोजावं लागतं, आणि तेही अनेक जागी.

गांडूळखताची गांडुळं नेऊन जंगलात सोडली तर?

नको. ती शेण-कचऱ्यावर जगणारी परदेशी जात आहे, जंगलाच्या मातीत एक तर मरते, नाही तर नको तिथं शिरते.

हुमणी (उसाची मुळं खाणारी अळी) सुद्धा मातीतलाच प्राणी. तिलाही वाचवायचं का?

उसातल्या हुमणीचं काय करायचं ते कृषी विभागाला विचारा. एवढंच सांगतो की हुमणीसाठी जमिनीत ओतलेलं औषध बाकीच्यांना ओळखत नाही.

हे प्राणी घरी बघायचे कसे?

इटलीच्या अँटोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये काढलेली पद्धत आजही चालते. पुढे स्वीडनच्या तुलग्रेन यांनी त्यात दिवा आणला. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचा वरचा भाग कापून उलटा ठेवा, झालं नरसाळं. आत चहाची जुनी गाळणी किंवा मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर ओंजळभर पालापाचोळा आणि माती. वर दिवा. खाली वाटीत ओला टिश्यू पेपर. उष्णतेने माती वरून सुकत येते, प्राणी खाली सरकत सरकत वाटीत पडतात. तीन-चार दिवस लागतात.

दिवा पिवळ्या तारेचा जुना बल्ब हवा, ४० वॅटपर्यंतचा. आम्ही पहिल्या वर्षी एलईडी लावला. चार दिवस रोज सकाळी पाच पोरं वाटीत डोकावायची आणि वाटी रिकामी. मी मातीला दोष दिला, पाचगणीला दोष दिला, धुराला तर दिलाच. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, ‘त्या दिव्याने कपभर दूध कोमट होणार नाही, माती काय सुकणार?’ जुना बल्ब शोधायला राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पाच दुकानं पालथी घातली. दिवा पालापाचोळ्यापासून वीतभर उंच ठेवा आणि घरात कोणी नसताना चालू ठेवू नका.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावायचं भिंग मिळतं, त्याने स्प्रिंगटेल छान दिसतो. जाती ओळखायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. उडी मारणारे, कवचवाले, दोऱ्यासारखे आणि ‘इतर’ असे चार रकाने वहीत आखा. वाणी (आमची मुलं त्याला पैसा किडा म्हणतात) आणि गोम वेगळे लिहा. गोमेला हात लावू नका.

मोजून झाल्यावर त्यांचं काय करायचं?

जिथली माती तिथं. पिशवीवर ठिकाण लिहून ठेवलं असेल तरच हे जमतं, म्हणून आधी लिहा आणि मग उकरा. संध्याकाळी किंवा ऊन चढायच्या आत जा, पालापाचोळा बाजूला सारून वाटी ओल्या मातीवर उपडी करा आणि पालापाचोळा परत ओढून घ्या. यवतेश्वराचे प्राणी पाचगणीत सोडू नका.